चेनसॉच्या सायलेन्सरला होल पाडलं की ताकद वाढते का? लकडगंजच्या मिस्त्रीचं सविस्तर उत्तर

काटोलकडच्या एका भावाने विचारलंय की त्याच्याकडे ५८ सीसीची चायना चेनसॉ आहे, २२ इंची बार (साखळी ज्यावर फिरते ती पट्टी) आहे, डिंक्या रोगाने वाळलेली संत्र्याची झाडं आणि धुऱ्यावरच्या बाभळी कापतो, संत्र्यात चालते पण बाभळीत मशीन दम सोडते, आणि गावातल्या कोणी सांगितलं की सायलेन्सरला दोन होल मारले की ताकद डबल होते. तर मारू का, आणि मारले तर किती मोठे मारू?

भाऊ, ताकद वाढते, हे खोटं नाही. डबल होत नाही, कधीच नाही. कार्बोरेटर नीट जमवला तर पाच ते पंधरा टक्क्यांच्या मधात फरक पडतो, म्हणजे ज्या ओंडक्याला दहा सेकंद लागत होते त्याला नऊ लागतील असं धरा. आणि ती ताकद होलातून येत नाही, जास्तीच्या पेट्रोलातून येते. होल फक्त त्या पेट्रोलाला जागा करून देतं. हे ज्याला कळलं त्याची मशीन सुधारते, ज्याला नाही कळलं त्याचा पिस्टन माझ्या टेबलावर येतो. बावीस वर्षं झाली नागपूरच्या लकडगंज भागात टू-स्ट्रोकचंच काम करून राहिलो, आरामशीनवाले, झाडं छाटणारे ठेकेदार, गडचिरोली-चंद्रपूरकडून सागवान घेऊन येणारे, सगळ्यांच्या मशीनी पाहिल्या, आणि होल पाडून आणलेल्या मशीनींपैकी बहुतेकांच्या कार्बोरेटरला कोणी हातच लावलेला नसतो.

आधी हे समजून घ्या की आत होतं काय. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर जाणं आणि नवीन मिक्स, म्हणजे हवा आणि ऑइलवालं पेट्रोल, आत येणं हे जवळपास एकाच वेळेस होतं. पिस्टन खाली येतो, आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते, मग बाजूच्या ट्रान्सफर खिडक्या उघडतात आणि खालच्या क्रँककेसमध्ये दाबलेलं मिक्स वर उसळतं आणि धुराला बाहेर ढकलतं. आता इंजिन १०,००० आरपीएमवर असेल तर एक फेरा ६ मिलिसेकंदाचा, आणि त्यात एक्झॉस्टची खिडकी उघडी राहते जेमतेम अडीच मिलिसेकंद. एवढ्यात सगळा धूर निघायला पाहिजे. कंपनीचा सायलेन्सर म्हणजे एक डबा, त्याला बारीक तोंड आणि वरून जाळी, कारण कंपनीला आवाजाचे आणि धुराचे नियम पाळायचे असतात. धूर अडकला की पुढच्या फेऱ्यात सिलिंडरमध्ये नवीन मिक्सला तेवढी जागा कमी. तोंड मोठं केलं की धूर मोकळा निघतो, नवीन मिक्स जास्त भरतं, म्हणून ताकद.

पण मग काही लोकं म्हणतात की अडथळा जेवढा कमी तेवढं चांगलं, सायलेन्सर काढूनच टाकू. नाही बाप्पा. या इंजिनमध्ये नवीन मिक्सचा साधारण चौथा हिस्सा तसाही न जळता धुरासोबत बाहेर पळतो, टू-स्ट्रोकचा हा जुनाच आजार आहे. बाहेर पूर्ण मोकळं रान केलं की ते पळणं अजून वाढतं, पेट्रोल जास्त जातं आणि खालच्या आरपीएमचा जोर कमी होतो, म्हणजे जाड ओंडक्यात बार दाबला की मशीन बसते. रेसिंग बाइकला लांब फुगीर पाइप असतो तो बाहेर पळालेलं मिक्स परत आत ढकलतो, त्याचं गणित वेगळं, चेनसॉच्या डब्याला ते जमत नाही. म्हणून आपल्याला मधला रस्ता पाहिजे.

आता होल मारण्याच्या आधीची गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगतो. सायलेन्सर खोला आणि जाळी पाहा. दहापैकी बऱ्याच मशीनींमध्ये जाळी काजळीने चोंदलेली असते, अर्ध्याच्या वर बंद. लोकं हलकं ऑइल टाकतात, भीतीपोटी जास्तही टाकतात, आणि मशीन हळूहळू मरते, माणसाला वाटते इंजिन म्हातारं झालं. जाळी काढून गॅसच्या शेगडीवर लाल करा, थंड झाली की तारेच्या ब्रशने घासा. मग एक्झॉस्टच्या खिडकीत पाहा, तिथेही काजळीचा थर असतो. दोरी हळूहळू ओढून पिस्टन पूर्ण वर घ्या, म्हणजे त्याच्या बाजूने खिडकी झाकली जाते, आणि लाकडाच्या काडीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हरने नाही, पिस्टनवर ओरखडा गेला तर नवीन दुखणं. एवढं केल्यावर कितीतरी लोकं म्हणतात मशीन नवी झाली, आणि होलाचा विषय तिथेच संपतो. भाऊ, तुम्हीही हे आधी करा.

तरी मारायचंच असेल तर माप असं काढा. एक्झॉस्टच्या खिडकीची रुंदी आणि उंची मोजा. समजा २० बाय १२ मिमी निघाली, तर क्षेत्र २४० चौरस मिमी. सायलेन्सरची सगळी तोंडं मिळून त्याच्या पाऊण हिश्शाच्या आसपास ठेवायची, म्हणजे १८०. १५ मिमीचं एक गोल होल म्हणजे १७७ चौरस मिमी, झालं काम. आधीचं तोंड असतंच, ते वजा करून राहिलेलं नवीन काढायचं, सरळ १५ चा ड्रिल घालून नाही चालत. आणि आत जो पत्र्याचा पडदा असतो त्याची होलंही मोजा, कारण पाइपलाइनमध्ये जिथे सगळ्यात अरुंद तिथेच पाणी अडते, बाहेर मोठं तोंड करून आतला पडदा तसाच ठेवला तर फक्त आवाज वाढतो.

सायलेन्सर मशीनवरून काढूनच ड्रिल करायचा. हे मी जोर देऊन सांगून राहिलो कारण मशीनवर लागलेल्या सायलेन्सरला ड्रिल मारणारे मी पाहिलेत, पत्र्याचा कीस आत राहतो आणि इंजिन तो परत ओढून घेते, एक तुकडा पिस्टन आणि सिलिंडरच्या मधात गेला की संपलं. ड्रिल झाल्यावर कडा कानशीने साफ करा, हवेने चांगला फुंकून घ्या, उलटा करून ठोका. होलाचं तोंड कुठे येणार हेही आधी ठरवा. पुढच्या हँडलकडे नको, बारकडे नको, पेट्रोलच्या टाकीकडे तर अजिबात नको, गरम धुराने प्लास्टिक वितळतं. वरून पत्र्याचं छोटं छप्पर वेल्ड करून धूर बाजूला वळवता आला तर उत्तम. बसवताना गॅस्केट नवीन घ्या, आणि दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर नट परत कसा, चायना मशीनमध्ये सायलेन्सरचे नट हमखास सैल होतात.

आता खरं काम, कार्बोरेटर. तोंड मोकळं झालं की इंजिन जास्त हवा ओढते, पण जुन्या सेटिंगवर त्या प्रमाणात पेट्रोल येत नाही, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकला लीन होणं दुहेरी मारते, एक तर आच वाढते, आणि ऑइल पेट्रोलातच असल्याने ऑइलही कमी मिळते. आचही जास्त आणि चिकटपणाही कमी, मग पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूनेच आधी घासतो कारण तीच बाजू सगळ्यात गरम. दुःखाची गोष्ट ही की लीन झालेली मशीन मरायच्या आधी सगळ्यात छान चालते, उंच आवाजात किंचाळते, माणूस खुश होतो की पाहा कशी पळून राहिली.

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात, एल (कमी आरपीएमच्या पेट्रोलाचा), एच (जास्त आरपीएमच्या पेट्रोलाचा) आणि आयडलचा (रेस न देता मशीन चालू राहते त्याचा). आधी एअर फिल्टर साफ, चेन ब्रेक सोडून साखळी मोकळी फिरते का पाहा, मशीन गरम करून घ्या. आधी एल, मग आयडल, साखळी आयडलला थांबलेली पाहिजे, मग एच. एच स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की पेट्रोल वाढते. होल मारल्यावर साधारण एक अष्टमांश ते पाव फेरा उघडावा लागतो, पण फेरे मोजून सोडू नका, कानाने ठरवा. फुल रेस द्या, लाकडाला न लावता. आवाज थोडा फुटलेला, घरघरणारा, बुडबुड्यांसारखा आला पाहिजे, मग बार लाकडात दाबला की तोच आवाज साफ एकसंध झाला पाहिजे. बाहेर काढला की परत घरघर. हे जमलं म्हणजे एच बरोबर. लाकडाबाहेरही आवाज सुरीसारखा साफ आणि उंच असेल तर लीन आहे, लगेच रेस सोडा आणि स्क्रू उघडा. फुल रेस दोन-तीन सेकंदांच्या वर रिकामी धरू नका. ज्याला हा आवाज ओळखता येत नाही त्याने होल मारू नये, हे मी मनापासून सांगून राहिलो. दोन दिवस कोणाजवळ उभं राहून कान तयार करा, मग ड्रिल हातात घ्या. आरपीएम मीटर मिळतो, प्लगच्या वायरला गुंडाळायचा, तो असेल तर मशीनच्या मॅन्युअलमधल्या कमाल आरपीएमच्या खालीच राहा.

एक फसवणूक ध्यानात ठेवा. बऱ्याच नवीन मशीनींच्या कॉइलमध्ये आरपीएम लिमिटर असतो, तो वर पोचला की स्पार्क तोडतो, आणि तेव्हाही अगदी तसाच घरघर आवाज येतो. माणसाला वाटते रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त येते, तो एच बंद करत जातो, आणि मशीन लीनच्या खड्ड्यात जाते. अशा मशीनला लाकडात चालवूनच तपासा, आणि प्लगचा रंग पाहा, चहासारखा तपकिरी पाहिजे, पांढुरका नको. स्टिलच्या एमएस १७० आणि १८० च्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये तर एच स्क्रूच नसतो, जेट फिक्स असतो, त्यांना होल मारणं म्हणजे इंजिन गमावणं. याच्या उलट ज्या मशीनमध्ये स्टिलचं एम-ट्रॉनिक किंवा हस्क्वार्नाचं ऑटोट्यून असते ती काही मर्यादेपर्यंत स्वतःच पेट्रोल जमवून घेते, तिथे धोका कमी.

आता आपल्या नागपूरची गोष्ट, कारण बाहेरच्या देशातले व्हिडिओ पाहून इथे काम करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. मी स्वतः एक मशीन अशीच घालवली. मे महिना होता, दुपारी ४५ अंश, एका ठेकेदाराच्या मशीनचा सायलेन्सर मोकळा केला आणि दुकानाच्या दारात उभं राहून छान ट्यून केला, घरघर बरोबर, कट साफ. सहा-सात महिने त्याने मस्त चालवली. डिसेंबरमध्ये पहाटे एका फार्महाउसवर कामाला गेला, थंडी दहा अंशांच्या आसपास, तिसऱ्या टाकीला पिस्टन जाम. मी खोलून पाहिलं तर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे. ऑइल बरोबर होतं, सील बरोबर होते. चूक माझी होती. ४५ अंशाची हवा पातळ असते, १० अंशाची हवा तिच्यापेक्षा साधारण १२ टक्के दाट. म्हणजे मे महिन्यात जे मिक्स्चर बरोबर होतं तेच डिसेंबरच्या पहाटे लीन झालं. कंपनीच्या सेटिंगमध्ये थोडी मार्जिन असते, मी होल पाडून आणि ट्यून ताणून ती मार्जिन खाऊन टाकली होती. त्या ठेकेदाराला सिलिंडर-पिस्टनचा सेट माझ्या पैशाने टाकून दिला, आणि तेव्हापासून मोकळ्या सायलेन्सरची मशीन देताना मी माणसाला सांगतो की दिवाळीनंतर एकदा परत आणा, एच उघडून देतो, पैसे नाही घेत.

दुसरं पेट्रोल. २०२३ पासून ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपावर यायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच भरते. साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे त्याच स्क्रूवर, त्याच होलावर मशीन अजून लीन. थंडी, ई-२० आणि मोकळा सायलेन्सर हे तिन्ही एकत्र आले की काय होईल ते सांगायला नको. शिवाय इथेनॉल पाणी धरते, पावसाळ्यात अर्धी भरलेली कॅन महिनाभर पडली की खाली पाणी वेगळं होते, त्यात ऑइल नसते, आणि मशीनची नळी टाकीच्या तळातूनच ओढते. मिक्स लागेल तेवढंच बनवा, महिन्याच्या वर ठेवू नका. तुमच्या मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, चांगल्या कंपनीचं टू-टी, ५०:१ वाले लिटरला २० मिली. होल मारलं म्हणून ऑइल वाढवू नका, ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी जाते आणि मिक्स्चर उलट लीनच होते.

जाळीबद्दल एक गोष्ट जीव लावून सांगतो. मोकळं करायच्या नादात लोकं जाळी फेकून देतात. जाळीचं काम गरम काजळीची ठिणगी अडवणं. शहरात डांबरी रस्त्यावर फांदी कापताना ठीक आहे, पण आपल्याकडे फेब्रुवारी ते जून सागवानाच्या जंगलात घोट्याएवढा वाळलेला पालापाचोळा असतो, एका ठिणगीत वणवा. तुमच्या बागेतही तेच, उन्हाळ्यात धुऱ्यावरचं गवत कुरकुरीत असते आणि शेजारी कोणाची तरी बाग आहे. होल मोठं करा पण त्यावर जाळी परत बसवा, स्टीलची बारीक जाळी पत्र्याच्या चौकटीत धरून स्क्रूने कसता येते. आणि गरम मशीन गवतात ठेवू नका, पेट्रोल भरायला दूर न्या.

आवाज. कंपनीच्या सायलेन्सरवरच चेनसॉचा आवाज कानापाशी १०० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबल आठ तास सोसता येते, त्यानंतर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं आणि १०३ ला साडेसात. होल मारल्यावर तो अजून वाढतो. जुन्या लाकूडतोड्यांशी बोला, दोनदा विचारल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. इअरमफ आणि चष्मा न लावता मोकळ्या सायलेन्सरची मशीन चालवू नका, आणि सोबत ओंडका धरणाऱ्या पोराच्या कानालाही इअरमफ पाहिजे, त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शहरात काम करणाऱ्यांसाठी वेगळं, २००० च्या आवाजाच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, दवाखाना-शाळा-कोर्टाच्या १०० मीटरच्या आत ५०. धरमपेठ, सिव्हिल लाइन्समध्ये महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेऊन झाड छाटणाऱ्यांच्या मशीनी मी मोकळ्या करून देत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी.

आता भाऊ, तुमच्या मशीनकडे येतो. ५८ सीसीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ज्या चायना मशीनी मी खोलल्या त्यांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४५.२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४ मिमी निघाला, त्याचा हिशोब ५४.६ सीसी होतो. त्यावर २२ इंची बार म्हणजे बैलापेक्षा गाडी जड. बाभळीत पूर्ण बार गाडला की इंजिन बसणारच, त्यात सायलेन्सरचा दोष नाही. १८ इंची बार लावा, मोठ्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी कापा. होलापेक्षा हा फरक मोठा आहे.

आणि साखळी. बाभळीच्या सालीत माती-वाळू बसलेली असते, सागवानात तर लाकडातच सिलिका असते, धार भराभर जाते. तुमच्या ०.३२५ पिचच्या साखळीला ४.८ मिमीची गोल कानस लागते, ३० अंशाचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. दाताच्या पुढे जो बोंडासारखा डेप्थ गेज असतो तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली पाहिजे, धार लावून लावून दात बुटका होतो आणि बोंड उंच राहते, मग साखळी लाकूड खातच नाही, फक्त घासते, आणि माणूस मशीनवर जोर देतो. भुसा पाहा. चौकोनी चिप्स पडत असतील तर धार आहे, पिठासारखा पडत असेल तर धार नाही. बाभूळ कापताना बुंध्यावरची माती आधी कुऱ्हाडीने साल उडवून काढा, जमिनीपासून चार बोटं वर कापा.

हे सगळं, म्हणजे जाळी, धार आणि १८ चा बार, करून दोन टाक्या चालवा आणि मग सांगा. बाभळीत तरीही बसत असेल तर मशीन घेऊन लकडगंजला या, मी होल पाडून समोरच ट्यून करून देतो, तुम्ही स्वतः बाभळीचा एखादा ओंडका सोबत आणा, त्यावरच कट लावून पाहू. टाकी रिकामी करून आणा, बसमध्ये पेट्रोल नको. आणि प्लग काढून पुसू नका, जसा आहे तसाच राहू द्या, मला त्याचा रंग पाहायचा आहे.